सुरक्षित सहलीचा चौऱ्याऐंशी पानी आराखडा

प्रवासात माणसाचं जे काही बरंवाईट होतं, ते तो घरातून बाहेर पडल्यामुळे होतं. हे सत्य इतकं उघड आहे की आजवर ते लिहून ठेवायची कुणाला गरज वाटली नव्हती. माझ्या थोरल्या भावाला वाटली. सहलीच्या आराखड्याच्या पहिल्या पानावर त्याने ते ठळक अक्षरांत, चौकट आखून लिहिलं.

दादा रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. कारखान्यात कुठे काही सांडलं, कुणी घसरलं, कुणाचं बोट चेंगरलं की त्याचा अहवाल दादाच्या टेबलावर येतो. गेली बावीस वर्षं तो हे अहवाल सकाळच्या चहाबरोबर वाचत आला आहे. त्याची घरगुती कामगिरीही तितकीच डोळ्यांत भरणारी आहे. लग्नानंतरच्या सतरा वर्षांत त्याने चार कौटुंबिक सहली आखल्या आणि चारही वेळेत रद्द केल्या (पहिली धुक्यामुळे, दुसरी बोटीमुळे, तिसरी त्या बोटीला पर्याय असलेल्या पुलामुळे, चौथीचं कारण अजून तपासाधीन आहे). सहली चार, जखमी शून्य. असा आकडा कुठल्याही प्रवासी कंपनीने दाखवावा.

पाचव्या वेळी वहिनींनी कुणाला न विचारता माझ्यासकट चौघांची विमानाची तिकिटं काढली. वहिनी काम करतात त्या बेकरीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात परदेशातल्या एका तळ्याचं चित्र होतं, आणि महिना संपून गेला तरी वहिनींनी ते पान उलटू दिलं नव्हतं.

"हे तळं बघायचंय मला," एप्रनची घडी घालत त्या म्हणाल्या. "तिथे गाडी भाड्याने मिळते. तुम्ही आलात तर बरंच. नाही आलात तर मी आणि पोरगी जाऊ."

दादा पंखा बंद करून पाच मिनिटं बसला, मग उठून त्याने कपाटातून कोरी फाइल काढली.

पुढचे पाच महिने दर रविवारी दहा ते एक बैठक झाली. आराखडा चौऱ्याऐंशी पानांचा झाला, परिशिष्टं वेगळी. प्रत्येकाला जबाबदारी मिळाली. माझ्या पुतणीला नकाशा मिळाला. ती तेरा वर्षांची आहे आणि घरात तिला मास्तरीण म्हणतात, कारण पाचव्या वर्षी तिने डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं शुद्धलेखन सुधारलं होतं. मला मागची काच मिळाली, म्हणजे मागून काय येतंय ते बघत राहायचं. वहिनींना पाणी आणि खाऊ. गाडी दादा चालवणार होता.

(इथे नोंद करायला हवी की वहिनी अकरा वर्षं बेकरीची डिलिव्हरीची गाडी चालवतात. पहाटे निघून बासष्ट दुकानं, सगळे गल्लीबोळ, गाडीला आजवर एक ओरखडा नाही. दादा कारखान्यात बसने जातो, कारण आकडेवारीनुसार बस सुरक्षित असते. त्याने शेवटची गाडी चालवली ती परवाना काढताना. पण चालकाची निवड अनुभवावर नसून जबाबदारीच्या जाणिवेवर असते, असा खुलासा परिशिष्ट दोनमध्ये केलेला आहे.)

त्या देशात वाहनं आपल्यापेक्षा उलट्या बाजूने चालतात. सवय व्हावी म्हणून घरात सगळ्यांनी उलट्या बाजूने चालायचं ठरलं. आमचा बोळ अडीच फूट रुंद असल्यामुळे त्याला दोन्ही बाजूंना मिळून एकच बाजू आहे, तरी नियम पाळला गेला. हॉलमध्ये चार खुर्च्या मांडून तालमी झाल्या. दादा "ब्रेक" म्हणाला की सगळ्यांनी पुढे झुकायचं. अशाच एका ब्रेकच्या वेळी माझी करंगळी टीपॉयच्या पायावर आदळली आणि तिला पट्टी बांधावी लागली. सहलीतली ही एकमेव जखम. ती सहलीच्या आधी झाल्यामुळे अहवालात धरलेली नाही.

अखेर आम्ही गेलो. विमानाबद्दल आराखड्यात काही नव्हतं, कारण ते दुसरा माणूस चालवतो.

गाडी भाड्याने देणाऱ्या कचेरीत दादाने करारनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तिथल्या कारकुनाने तोवर दोनदा कॉफी घेतली.

"आकाशातून पडणाऱ्या वस्तू म्हणजे नेमकं काय?" दादाने विचारलं.

"सहसा गारा," कारकून म्हणाला.

"आणि सहसा नसेल तेव्हा?"

कारकुनाने मनापासून विचार केला. "तेव्हा आम्हाला फोन करा."

दादाला हा माणूस आवडला.

तळं तिथून दोनशे दहा किलोमीटर. लोक तीन तासांत पोचतात. आराखड्याप्रमाणे दर पंचेचाळीस मिनिटांनी थांबायचं होतं, आणि पंचेचाळीस मिनिटांत आम्ही अठरा किलोमीटर गेलो. एका ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं. त्याच्या चालकाने जाताना टोपी उचलली, ती आदराने असावी. सायकलवाल्यांचा एक घोळकाही पुढे गेला. मागच्या काचेतून मला जवळजवळ काहीच दिसलं नाही, कारण येणारं सगळं लगेच पुढच्या काचेत जात होतं.

पहिला थांबा छान होता. सहा बाकं, सावली, स्वच्छ संडास, कॉफीची टपरी आणि तिच्यामागच्या इमारतीत वर ट्रकवाल्यांसाठी भाड्याच्या खोल्या. निघण्यापूर्वी गाडीची बेचाळीस मुद्द्यांची तपासणी होती. सोळा मुद्दे सुरळीत पार पडले. सतरावा मुद्दा चाकांतली हवा. ती पुस्तकातल्या आकड्याशी तंतोतंत जुळायला हवी होती, पण ऊन आलं की वाढायची आणि ढग आला की उतरायची. ती जुळेपर्यंत दुपार झाली आणि सूर्य समोर आला (नियम नऊ: सूर्याच्या तोंडावर गाडी चालवू नये). सूर्य ढळला तर कामावरून परतणाऱ्यांची गर्दी सुरू झाली (नियम चौदा). गर्दी ओसरली तोवर संधिप्रकाश (नियम पंधरा). आम्ही वरच्या खोल्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी बारीक पाऊस होता. त्याला तर आराखड्यात अख्खं पान होतं.

दुसऱ्या संध्याकाळपर्यंत टपरीवाली बाई आमचे चार कप वेगळे ठेवू लागली होती. नवे आलेले ट्रकवाले संडास कुठे आहे ते मला विचारत होते.

"बाबा," मास्तरीण म्हणाली, "या वेगाने आपण तळ्यावर चोविसाव्या दिवशी पोचतो. परतीचं विमान नवव्या दिवशी आहे."

दादाने तिचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवून घेतलं. "पण दोन दिवसांत कुणाला काही झालं का?" त्याने विचारलं. वहिनींनी बिस्किटांचा पुडा पुढे केला, कारण ते त्यांचं खातं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीची मागची काच पुसत होतो. वहिनी बाकावर बसून रस्त्याकडे बघत होत्या. दादा हवा मोजायचं यंत्र घेऊन आला.

"अहो, बसा जरा."

"सतरावा मुद्दा राहिलाय."

"राहू दे. तुम्ही घाबरलाय."

मला वाटलं दादा आता परिशिष्ट दोन काढणार. पण तो बसला. हातातल्या यंत्राचा काटा शून्यावर होता.

"अगं, बावीस वर्षं अहवाल वाचतोय," तो म्हणाला. "प्रत्येकाची सुरुवात एकच असते. 'नेहमीप्रमाणे काम सुरू असताना.' त्या माणसांनाही सकाळी उठल्यावर काही वेगळं वाटलं नव्हतं."

"आणि मी रोज पहाटे गाडी घेऊन जाते, तेव्हा?"

"तू परतल्यावर फाटकाची कडी वाजेपर्यंत मी अंघोळीला जात नाही."

"अकरा वर्षं?"

"रविवार सोडून."

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिल्या. "मला वाटायचं आळस आहे," त्या म्हणाल्या.

दादा हसला नाही, पण त्याचे खांदे थोडे खाली आले. खांदे एवढे खाली असू शकतात हे मी प्रथमच पाहिलं.

"तुम्ही रोज वाचता, मी रोज चालवते," वहिनी म्हणाल्या. "द्या किल्ली."

त्याने दिली. बरोबर फाइलही दिली. वहिनींनी ती मास्तरणीला दिली. "मांडीवर ठेव गं, नकाशा पसरायला बरी पडेल."

मग त्या गाडीभोवती एकदा फिरल्या, एका चाकाला पायाने टोला दिला आणि आरसा नीट केला. तपासणीचे एकूण मुद्दे तीन.

पहिल्या वळणावर त्या दिवा दाखवायला गेल्या तर, तिथल्या गाडीत दांड्याही उलट्या बाजूला असल्यामुळे, कोरड्या काचेवर वायपर फिरला. प्रत्येक चौकात त्या स्वतःशी पुटपुटायच्या, "आपली बाजू ती, आपली बाजू ती." तासाभराने पुटपुटणं थांबलं आणि त्या जुनं काहीतरी गुणगुणायला लागल्या. शेजारच्या सीटवर दादाचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता. साठाव्या किलोमीटरला पाय थांबला. नव्वदाव्याला दादा झोपला, तोंड उघडं टाकून. वाटेत आम्ही एका ट्रॅक्टरला मागे टाकलं. मी मागच्या काचेतून टोपी उचलली. निदान तसा हात तरी केला.

शेवटच्या वळणानंतर तळं एकदम समोर आलं. चित्रातल्याइतकं निळं नव्हतं, पण चित्रात मावलं नसतं एवढं मोठं होतं. वहिनी उतरून काठाशी उभ्या राहिल्या. दादा जागा झाला.

"पोचलो?"

"पोचलो," मास्तरीण म्हणाली.

तो काठापर्यंत गेला आणि त्याने वहिनींचा हात कोपराशी धरला. काठ निसरडा होता, असं त्याने नंतर सांगितलं. काठ चांगला कोरडा होता. आम्ही तिथे पाच दिवस राहिलो आणि आमच्यापैकी कुणाला काही झालं नाही. मास्तरणीचं नाक तेवढं उन्हाने सोललं.

परतल्यावर दादाने अहवाल सादर केला: आराखडा शंभर टक्के यशस्वी. कारखान्याने त्याला प्रमाणपत्र दिलं. नातेवाइकांनी रस्ते, वळणं, वेग याविषयी दादाला खोदून खोदून विचारलं. "गाडी ही चालवत होती," तो प्रत्येकाला सांगायचा, आणि प्रत्येक जण हसून म्हणायचा की याचा स्वभाव पहिल्यापासून असाच, स्वतःकडे मोठेपणा घ्यायचा नाही. वहिनींनाही प्रश्न विचारला गेला. सगळ्यांनी मिळून एकच. खायला काय नेलं होतं?

"बिस्किटं," वहिनी सांगायच्या.

आराखड्याला मात्र भलतीच मागणी आली. एकशे चाळीस कुटुंबांनी प्रती नेल्या. सहा महिन्यांनी मी चौकशी केली, तेव्हा सगळी कुटुंबं सुखरूप होती आणि सगळ्यांच्या रविवारच्या बैठका उत्तम चालल्या होत्या.

तुम्हीही इथवर वाचत आलात ते काही तळ्यासाठी नव्हे, हे मी ओळखून आहे. तुमची प्रत बाजूला काढून ठेवली आहे. फक्त पत्ता कळवा. कोणत्या दिवशी पाठवू, ते मात्र विचारत नाही. तुम्ही घरीच असणार.