विमलकाकूंचा अर्धा तास

रविवारी सकाळी आमच्या दारात विमलकाकू पाण्याने भरलेला पेला घेऊन उभ्या असतात. पेला त्यांचा, पाणी त्यांचं, गोळीही त्यांचीच. आमची फक्त खुर्ची.

ग्वाल्हेरच्या माधवगंजात त्या आमच्या शेजारी राहतात, काका गेल्यापासून एकट्या. हाडं ठिसूळ झाली म्हणून डॉक्टरांनी आठवड्याला एक गोळी दिली. उपाशीपोटी घ्यायची, मग अर्धा तास चहा नाही आणि आडवं तर मुळीच व्हायचं नाही. “घरी असले की आडवी होते रे मी. माझा भरोसा नाही,” असं म्हणून त्या ताठ बसायला आमच्याकडे येतात.

अडचण अशी की मग मलाही ताठ बसावं लागतं. सोफ्यावर जरा कललो की, “नंदू, सरळ बस. तुला बघून मला पण झोप येऊन राहिली आहे.” ऑफिसात चार माणसांचा साहेब असलेला, पोट सुटलेला मी निमूट सरळ होतो. पाहुणी उपाशी, म्हणून बायको चहाही ठेवत नाही. लग्नाच्या फोटोला बसल्यासारखे आम्ही तिघं बसतो आणि काकू जुनं ग्वाल्हेर उघडतात. मेळ्यातून काकांनी सायकलवर आणलेली लोणच्याची बरणी. गणपतीतल्या मराठी नाटकात भर प्रवेशात गळून पडलेली काकांची मिशी. मिशी दर रविवारी पडते. आम्ही दर रविवारी हसतो.

परवा मीच त्यांना तपासणीला नेलं. एकही गोळी चुकली नाही म्हटल्यावर डॉक्टर चकितच झाले. बहुतेक जण मधेच सोडतात म्हणे. मग म्हणाले, “अम्मा, अब इंजेक्शन लगवा लो, साल भर की छुट्टी.” काकू म्हणाल्या, गोळीच बरी. पण मी इतका आग्रह धरला की शेवटी त्यांनी हात पुढे केला. परतताना रिक्षात मी रविवारच्या झोपेचे बेत सांगत होतो. काकू बाहेर बघत होत्या.

“साल भर की छुट्टी,” एवढंच म्हणाल्या.

रविवारी नेहमीच्या वेळी जाग आली. दारात कोणी नव्हतं. लोळून पाहिलं, जमेना. शेवटी पेला भरून घेतला आणि शेजारी गेलो. दार उघडंच होतं. काकू वेणीफणी करून, इस्त्रीचं पातळ नेसून, खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

“अरे, झोपला नाहीस?”

“घरी असलो की आडवा होतो, काकू. माझा भरोसा नाही.”

त्यांनी दुसरी खुर्ची पुढे ओढली. मी सरळ बसलो. चहाला अजून अर्धा तास होता, आणि मिशी पडायची होती.