अँटिबॉडीचा वाटा

यंदा काहीही झालं तरी प्रबंधातलं शेवटचं प्रकरण पुरं करणारच, असं उजमानं घरात, लॅबमध्ये आणि ओळखीच्या रिक्षावाल्यालाही बजावून ठेवलं होतं. घोडं अडलं होतं ते एका अँटिबॉडीपाशी. माणसाच्या वाढीचं प्रथिन नमुन्यात कुठं आहे, हे त्याला नेमकं चिकटून दाखवणाऱ्या त्या द्रव्याची इवलीशी बाटली परदेशातून यायची होती. ती आली, नेमकी बकरीदच्या दिवशी! लॅबला कुलूप. उजमा डगमगली नाही. तिनं खोकं घरी आणलं, कुणी उगाच हात लावू नये म्हणून काळ्या पिशवीत गुंडाळलं आणि फ्रीजरच्या तळाशी दडवलं.

बकरीदला ज्या घराच्या फ्रीजरमध्ये वाटून द्यायच्या गोश्ताच्या काळ्या पिशव्याच पिशव्या असतात, तिथं लहानाची मोठी झालेल्या मुलीनं हे करावं, आता काय बोलायचं!

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीजर रिकामा. सगळ्यांचे वाटे पोचले, असं अम्मीनं समाधानानं सांगितलं. तिनं नातेवाइकांना, शेजाऱ्यांना फोनवर फोन लावले. शेवटी अब्बांचे जुने मित्र, वाळूजचे सर्जेराव, संकोचत म्हणाले, "वाटा लई हलका निघाला, बेटा. पण आम्ही काय बोललो नाय."

उजमानं डब्यात बर्फ भरला आणि भर उन्हात स्कूटी वाळूजकडे हाणली.

सर्जेरावांचा मुलगा प्रणय दारातच उभा होता. पोलीस भरतीत पोरगं उंचीत बोटभर कमी पडलेलं. खोक्यावर मानवी वाढ वगैरे वाचून त्यानं बाटली लगेच स्वतःच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवली होती. आता ती मुठीत घट्ट धरून तो म्हणाला, "ताई, थेंब किती घ्यायचे तेवढं सांगा."

"यानं उंची वाढत नाय रे. वाढीचं प्रथिन कुठंय, ते हुडकतं फक्त."

"मग माझं हुडका की. कुठं अडकलंय ते तरी कळंल."

उजमाला त्याची खरंच दया आली. तरी पुढं केलेला हात तिनं मागं घेतला नाही. शेवटी सर्जेरावच मध्ये पडले. "दे बाबा. ही बी तिची भरतीच हाय."

बाटली आणि खोकं बर्फात रोवून उजमा थेट लॅबमध्ये धडकली आणि डबा गाईड सरांच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "सर, घरून निघाल्यापासून क्षणभरही वितळू दिली नाही!"

सरांनी खोक्यावरचा बर्फ बोटानं पुसला. खाली हिमकणाचं चित्र होतं आणि त्यावर भलीमोठी लाल फुली. ही जात नुसती गार ठेवायची असते, गोठवली की कामातून जाते, असं ते अगदी हळू आवाजात म्हणाले.

उजमाचा चेहरा पडला. पण प्रयोग करायचा म्हणजे करायचाच. तिनं अॅप्रन चढवला आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. प्रथिन सापडलं की जिच्यावर रेघ उमटते, ती पट्टी कोरी आली.

मग तिनं प्रणयला फोन लावला. "तुझंच नाय रे," ती म्हणाली, "इथं कुणाचंच सापडंना."