भिंतीचा उपास

आक्काताई हुपरेंच्या खानावळीतली शेगडीमागची भिंत सोमवारपासून जेवायला लागली.

त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. खानावळीच्या वरच्या खोलीत मगदूम मास्तर एकटे राहत. त्यांनी नगरपालिकेत अर्ज दिला होता, की खालच्या फोडणीनं त्यांना रोज दुपारी ठसका लागतो आणि पुस्तकाचं एक पान धड वाचून होत नाही. नगरपालिकेनं आक्काताईंना नोटीस धाडली. तीन आठवड्यांत आतली हवा साफ करा, नाहीतर खानावळ बंद. शेवटच्या दिवशी साहेब यंत्र घेऊन येतील आणि हवा मोजतील.

आक्काताईंची शाळा चौथीपर्यंतची. पण 'बंद' हा शब्द वाचायला चौथीसुद्धा लागत नाही. बावीस वर्षं त्या चाळीस यंत्रमागवाल्यांचं दोन वेळचं जेवण रांधत होत्या. दुसरं काही त्यांना येत नव्हतं, आणि आलं असतं तरी त्यांनी केलं नसतं. राग मात्र त्यांना एकाच गोष्टीचा आला. मास्तरांचा डबा त्यांच्याच शेगडीवरून वर जायचा.

"खायचं माझं आणि अर्जबी माझ्याच नावानं," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशीच्या डब्यात एक भाकरी जास्त घातली.

उपाय दस्तगीर पेंटरनं सांगितला. एक नवा पांढरा रंग आलाय. त्यात एक भुकटी असते. तिच्यावर उजेड पडला की ती धूर, मिरचीचा खाट, तेलकट वास, सगळं पकडते, तोडते आणि त्याचं पाणी न् हवा करून सोडून देते.

"म्हणजे खाती म्हण की."

"खाती कसली, आक्का? भुकटी हाय तेवढीच ऱ्हाती. वाढत न्हाई, संपत न्हाई."

"दिवसभर खायचं आणि अंगाला लावून घ्यायचं न्हाई? मग आमच्या थोरल्या जाऊबाईच की."

शेगडीमागं ऊन पोचत नव्हतं, म्हणून दस्तगीरनं तिथं एक निळसर ट्यूब लावून दिली. रंग वाळला. सोमवारी बारा वाजता आक्काताईंनी ट्यूब लावली आणि आमटीला फोडणी घातली. मोहरी तडतडली, लसूण लाल झाला, सुक्या मिरच्या काळ्या पडल्या. चाळीस माणसांनी सवयीनं नाकाला टॉवेल लावला. काही झालं नाही. धूर उठला, भिंतीकडं वळला आणि संपला. मग भिंतीनं ढेकर दिला.

कुणी मान वर केली नाही. जेवण झाल्यावर ढेकर द्यायचा असतो.

पहिल्या दिवशी तिनं फोडणी खाल्ली आणि फिनेलचा वास तसाच ठेवला. आक्काताई कमरेवर हात ठेवून तिच्यापुढं उभ्या राहिल्या. "हे बघ बाई, माझ्याकडं पानात टाकायची पद्धत न्हाई. ह्या चाळिसांना विचार." संध्याकाळपर्यंत फिनेलचा वास गेला. रात्रपाळीवाल्यांच्या मोज्यांचाही गेला. मंगळवारी आक्काताईंनी दाराजवळच्या फळ्यावर मेंबरांच्या नावांखाली एकेचाळिसावं नाव लिहिलं: भिंत, शेगडीमागची.

वर मास्तरांचा ठसका थांबला. त्यांचा डबा मात्र अर्धा भरलेला परत यायला लागला. आक्काताईंनी ते पाहिलं आणि पुरुषांच्या आजारांविषयी जेवढं बोलायचं तेवढं बोलून घेतलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी ताटं वाढता वाढता सगळ्यांना ऐकवलं, "उद्या माझी एकादशी. तुमचं तुम्ही जेवा, मला आग्रह करू नका." आग्रह आजवर कुणी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्यूब लावली, फोडणी घातली, आणि धूर खोलीभर झाला. माणसं खोकत रस्त्यावर गेली. दस्तगीरला बोलावणं गेलं. त्यानं ट्यूब तपासली, भिंतीवरून फडकं फिरवलं, बोटानं रंग खरवडून पाहिला.

"मालात खोट न्हाई, आक्का."

"ठावं हाय. तिनं एकादशी धरलीया."

दस्तगीरनं रंगाच्या डब्यासोबत आलेला कागद उलटसुलट करून वाचला. "ह्यात तसं काय लिवल्यालं न्हाई."

"लिवणाऱ्याला एकादशी ठावी असंल तर लिवणार ना!"

एवढ्यात सॅनिटरी इन्स्पेक्टर कोकणे यंत्र घेऊन आले. त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं, फॉर्म काढला, पेनाचं टोपण उघडलं.

"घाला फोडणी."

"साहेब, आज भिंतीचा उपास हाय. तुम्ही उद्या या."

"मुदत आज संपते, बाई. उद्या आलो तर कुलूप घेऊनच येईन." कोकण्यांनी भिंतीकडं पाहिलं. "उपास निर्जळी आहे की फराळाचा?"

"त्याचा रकाना हाय व्हय तुमच्या कागदात?"

"रकाना नाही, पण विचारावं लागतं. निर्जळी असेल तर माझा इलाज नाही. फराळाचा असेल तर फराळावर तपासणी होऊ शकते."

आक्काताईंनी भिंतीकडं बघितलं. आवाज त्यांनी खाली येऊ दिला नाही. "तिनं माझं बघून धरलाय. मी फराळ करती. म्हणजे तीबी करणार."

त्यांनी मोहरीची कढई बाजूला सारली. वरच्या फळीवरची उपासाची वेगळी कढई काढली, धुतली, पुसली. तूप तापवलं. जिरं टाकलं.

"ठसका हा तक्रारीचा मुख्य मुद्दा आहे," कोकणे म्हणाले. "मिरचीशिवाय मी सही करणार नाही."

"हिरवी चालती उपासाला. तुमच्या घरात चालत नसंल तर ते तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी पंधरा हिरव्या मिरच्या उभ्या चिरून तुपात सोडल्या. खाट असा उठला, की दस्तगीर दाराबाहेर गेला आणि कोकण्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. यंत्रावरचा लाल दिवा लागला. भिंत खाईना. कोकण्यांनी पेन कागदावर टेकवलं.

आक्काताईंनी हातात पाणी घेतलं, भिंतीच्या पायाशी फिरवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जेव बाई. चालतंय ह्यातलं सगळं. मी बघून घातलंय."

धूर वळला. आधी हळूहळू, मग भराभर. लाल दिवा विझला, हिरवा लागला. भिंतीनं ढेकर दिला, उपासाचा, बेताचा.

कोकण्यांनी डोळे पुसले आणि लिहिलं: हवा स्वच्छ. तपासणी फराळावर घेतली. खानावळ चालू ठेवण्यास हरकत नाही.

सही होते न होते तोच मगदूम मास्तर जिना उतरून आले. हातात नवा अर्ज होता.

"आता काय, मास्तर?" आक्काताईंनी विचारलं. "हवा गोड लागाय लागली व्हय?"

"आजचं सोडा, पण रोज वास येत नाही हो," मास्तर म्हणाले. "माझं घड्याळ कधीचं बंद आहे. ठसका लागला की बारा वाजले हे कळायचं, आणि भूक लागायची. आता नुसतं वाचत बसतो. पुस्तक संपतं, पण दुपार होत नाही."

कोकण्यांनी अर्ज घेतला, वाचला, परत दिला. "निकाली प्रकरणात ठसका परत देता येत नाही. तुम्ही आपसांत बघा."

आक्काताईंनी मास्तरांकडं बघितलं. माणूस वाळला होता. त्यांना ते आवडलं नाही. त्यांच्या डब्यावर कुणी वाळत नसे.

"बसा," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडं वळल्या. "ऐकलंस नव्हं? उद्या पारणं. पोटभर जेव, पण सगळं संपवू नकोस. वरच्यांच्या वाट्याचं सोडायचं."

दुसऱ्या दिवशी फोडणीला मोहरी, हिंग, लसूण, सुक्या मिरच्या, सगळं होतं. चाळीस जण ताटं पुढं घेऊन थांबले. भिंतीनं उपास सोडला, धूर संपवत आणला आणि शेवटचा घास तेवढा जिन्याकडं सरकवला.

वर मगदूम मास्तर एकदाच ठसकले.

बारा वाजले होते.