शब्द तोच, ओठ गोल

"डॉक्टरांनी रात्रभर रोग्याची चेष्टा केली हो, तरी बिचारा गेलाच!"

हे वाक्य अण्णा वैशंपायनांनी बालीगंजच्या आमच्या इमारतीत, सात-आठ बायकांसमोर, गहिवरून म्हटलं होतं. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला ठाऊक होतं. माझा जन्मच कलकत्त्यातला. पण बायकांनीही डोळ्यांना पदर लावला, तेव्हा मी तोंड मिटून बसलो.

अण्णा सरकारी कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले, विधुर. त्या दिवसांत दर शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर भुताची एक बंगाली मालिका लागायची. बदली होऊन आलेल्या मराठी घरांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. म्हणून शनिवारी सकाळी अण्णा आपल्या बैठकीत ती मराठीत सांगत. आडनावाला जागणारा माणूस!

"बंगाली काय शिकायची? शब्द तोच! ते ओठ गोल करतात, आपण सरळ करून घ्यायचे, बस!" हा त्यांचा नियम. या नियमानं त्यांनी मालिकेतल्या जमीनदाराच्या मुलाला विलायतेत दहा वर्षं शिक्षा भोगायला लावली. तो बापडा तिथं शिकत होता.

मालिकेचं भूत म्हणजे या जमीनदाराची मुलगी उमा. बापाशी बिनसून घर सोडून गेलेली आणि नदीत बुडालेली. चार वर्षं तिनं सगळ्यांना मस्त घाबरवलं. पाचव्या वर्षी लेखक बदलला म्हणे, आणि सगळा गोंधळ झाला. एका शुक्रवारी उमा भिंतीतून आरपार जायची, पुढच्या शुक्रवारी दाराची कडी वाजवून नुसती उभी राहायची.

"भूत झालं म्हणून काही रीतभात?" अण्णा तडकत.

शेवटून दुसऱ्या भागात तर बापानं स्वतः दार उघडलं. उमा उंबऱ्याबाहेरच थांबली आणि म्हणाली, "बाबार ओपोर आमार ओभिमान." अण्णांनी कपाळाला हात लावला. "बापाचा अभिमान आहे म्हणते, आणि आत यायला तयार नाही! लेखकाचं डोकं ठिकाणावर नाही."

बायका हसल्या. मला हसू येईना, कारण हेच वाक्य मी अण्णांकडून पूर्वी ऐकलं होतं.

अण्णांची एकुलती एक सुलू बागबाजारच्या एका बंगाली प्राध्यापकाशी लग्न करून गेली. लग्नाच्या दिवशी अण्णा कचेरीत बसून राहिले; इन्स्पेक्शन होतं म्हणे. त्याला दोन वर्षं झाली. सुलूनं माहेरी पाऊल टाकलं नव्हतं, पण अण्णा निर्धास्त. जावई एकदा बाजारात भेटला होता आणि म्हणाला होता, "बाबार ओपोर ओर खूब ओभिमान." हे अण्णांनी पोस्टमनलासुद्धा सांगितलं होतं. "लेकीला माझा फार अभिमान! येईल, सवड झाली की येईल."

त्या दिवशी बायका गेल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"मधू, खरं सांग. इतका अभिमान आहे, तर पोरगी बापाच्या घरात येत का नाही?"

आता गप्प बसणं मला जमेना. "अण्णा, इथं शब्द तोच नाही. ओभिमान म्हणजे रुसवा. परक्यावर नाही, आपल्याच माणसावरचा. त्यानं आपणहून यावं, समजूत काढावी, म्हणून वाट बघत राहायचं."

अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"दोन वर्षं मी गावभर सांगत सुटलो होतो," ते म्हणाले. "आणि तू ऐकत होतास?"

मला माझीच लाज वाटली. त्या माणसाची गंमत मी फुकट बघितली होती.

पुढच्या शुक्रवारी शेवटचा भाग होता. अण्णांचा रेडिओ लागलाच नाही. शनिवारी बायका जमल्या, तर समोर संदेश मिठाईचा पुडा.

"उमा आली का हो शेवटी घरात?" आपटेवहिनींनी विचारलं.

"ऐकलंच नाही. बागबाजारला गेलो होतो, सुलूकडे."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अण्णांनी पुडा सोडून सगळ्यांपुढे फिरवला.

"कडी वाजवली आणि पुढे तोंडातून शब्द फुटेना. उभा राहिलो तसाच. मग तिनंच हाताला धरून आत घेतलं. दारात नुसतं उभं राहणंही फार अवघड असतं हो. मी उगाच त्या भुताला नावं ठेवली."