मापाचं ब्लाउज आणि सुरतेची सॅक

आमची विमलफुई कुणाच्याही घरात शिरताना आधी दाराच्या वरच्या चौकटीवर तळहातानं दोनदा थोपटते आणि विचारते, "कसा शे भाऊ?" चौकट उत्तर देत नाही. मग फुई मान वाकवून आत येते. घरातल्या माणसांची चौकशी त्यानंतर.

आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. विमलफुई माझ्या वडिलांची धाकटी बहीण. उंची पाच फूट अकरा. हा माझा अंदाज, आमच्या फ्रिजशेजारी ती उभी राहिली तेव्हा केलेला. खरा आकडा कुणालाच ठाऊक नाही. माझी उंची मात्र सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ती पाच फूट तीन आहे आणि लोकांना ती लक्षात ठेवायला आवडते. आम्ही दोघं नंदुरबारच्या बाजारातून चाललो, की विजेचा खांब आणि त्याला बांधलेलं करडू फिरायला निघाल्यासारखं दिसतं.

फुईनं धडगावकडच्या पाड्यांवर तीस वर्षं नर्स म्हणून काढली. तिथल्या घरांची दारं बुटकी. पहिल्या वर्षी तिच्या कपाळावर इतकी टेंगळं आली, की लोक आधी तिलाच पाणी देऊन बसवायचे. तेव्हापासून तिनं चौकटींशी भावाचं नातं जोडलं. "पहिले इचारी लेवो, मंग तो डोकामा हाणत नही," असं ती सांगते. एसटीत गुडघे अडकले, पांघरुणाबाहेर पाय राहिले, साडी घोट्यापर्यंतच आली, तरी तिचं एकच वाक्य असतं: "दुनिया ठेंगनी शे, मन्हा काय दोष?"

निवृत्त झाल्यावर तिनं आणि तिच्या तीन जुन्या सोबतिणींनी एक बेत केला. पूर्वी लसीची पेटी खांद्याला अडकवून ज्या पाड्यांवर फिरायच्या, ती सगळी फेरी पुन्हा एकदा करायची. दोन दिवस, पायी. आता पेटी नाही, फक्त आपापले कपडे आणि पांघरूण. अडचण एकच होती. त्याच पेटीच्या पट्ट्यानं फुईचा उजवा खांदा कामातून गेला होता आणि त्यावर वजन घ्यायला डॉक्टरांनी बंदी केली होती. हे कळल्यावर त्या तिघींतल्या कमलबाई सिस्टरांनी फोन केला, "विमलबाई, तुम्ही सामानासोबत जीपनं या. आम्ही पायी पोचतो."

फुईनं फोन ठेवला. "सामानसोबत! मी काय सामान शे?"

इथे मी मध्ये पडलो. मी शाळामास्तर. दुसऱ्या मजल्यावरची स्टाफरूम हाच माझा गिर्यारोहणाचा अनुभव. पण मोबाइलवर पाहून मला सगळं माहीत झालेलं असतं. मी सांगितलं, "फुई, ट्रेकिंगची सॅक घे. तिचा कमरेचा पट्टा नीट बसला की वजन कमरेवर येतं. खांदा फक्त सॅक धरून ठेवतो."

"कोणती लेवो?"

"उंच माणसाला सगळ्यात मोठी. त्यात विचार काय करायचा?"

मोबाइलवरून सगळ्यात मोठी मागवली. ती आली, आणि फुईला ती वजनानिशी तपासायची होती. घरात नुकतीच वर्षाची लाल मिरची येऊन पडलेली. तिनं ती सॅकमध्ये पायानं दाबून दाबून भरली आणि गल्लीत फेऱ्या मारायला निघाली. मी मागून पाहत होतो. कमरेचा पट्टा कमरेच्या पार खाली उतरलेला, सॅक पावलागणिक मागून ढुशी मारत होती, आणि सगळा भार पुन्हा त्याच खांद्यावर. "हाई सॅक शे का पाठवर बठेल पोर?" फुई शिंकत शिंकत म्हणाली. तोवर अर्धी गल्ली शिंकत होती. सॅक परत न्यायला आलेल्या मुलानं चेन उघडून आत डोकावलं, डोळे पुसले आणि तो म्हणाला, "मावशी, ही आता तुमचीच."

मग आम्ही सुरतेची गाडी पकडली. तिथे सॅकचं एक मोठं दुकान असल्याचं मीच शोधून काढलं होतं. दुकानदार साठीचे, गळ्यात टेप अडकवलेले. त्यांनी आधी मला शाळेच्या दप्तरांचा कोपरा दाखवला. तो गैरसमज दूर झाल्यावर फुईकडे वळले आणि पाठीचं माप विचारलं, "बेन, पीठनुं माप केटलुं?"

फुईनं पर्स उघडली आणि घडी केलेलं एक निळं ब्लाउज काउंटरवर ठेवलं. "यानावरथीन द्या."

दुकानदारांनी ते दोन बोटांनी उचलून पाहिलं. "बेन, आ तो ब्लाउज छे."

"माले माहीत शे ब्लाउज शे. मापनं शे."

आपल्याकडे बायका शिंप्याला जुनं ब्लाउज मापाला देतात, हे मलाही माहीत होतं. पण फुईनं शिंप्याला कधीच अंगाचं माप घेऊ दिलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. एका ब्लाउजवरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं, असा चाळीस वर्षांचा वंश चालत आला होता. निळं हे त्यातलं सध्याचं.

दुकानदार हसले नाहीत. गळ्यातली टेप काढून, स्वतःच माप घ्यायला पुढे होत म्हणाले, "आवो बेन, हुं लई लउं."

फुईनं हात वर केला. "ऱ्हाऊ द्या." ब्लाउज पर्समध्ये घातलं आणि ती दुकानाबाहेर पडली. जाताना चौकटीला "भाऊ" म्हणायलाही विसरली. डोक्यात ठण्णदिशी बसली. येताना गाडीत तिनं माझ्याशी केळी सोलण्यापलीकडे व्यवहार केला नाही.

दुकानदारांचा नंबर मी घेऊन ठेवला होता. दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, तिच्याकडे गेलो. तिचं घर मुद्दाम बांधून घेतलेलं, दारं आठ फुटी. गवंड्यानं तेव्हा विचारलं होतं, "बाई, उंट पाळायचाय का?" फुई पाठमोरी उभी होती. मानेवर दवाखान्यातली चिकटपट्टी, आणि पट्टीखालून कमरेपर्यंत लोंबणारी पांढरी दोरी.

"मान लचकली?"

"शेजारनीले तेच सांगं मी," ती म्हणाली. "पाठ मोजी ऱ्हायनी. दोन दिवस व्हयनात. खाले दोरी धरस, तं वरली पट्टी निंघी जास."

कपाटाचा आरसा, हातातला आरसा, दोरी, फुटपट्टी, पेन्सिल. सगळी तयारी होती. फक्त दोरीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. मी उगाच दाराकडे पाहिलं. त्या घराच्या चौकटी इतक्या उंच, की फुईला तिथे थोपटावं लागत नाही. म्हणजे स्वतःच्या घरात ती "कसा शे भाऊ" म्हणतच नाही. इतकी वर्षं तिथे चहा पीत आलो, आणि हे मला आत्ता दिसत होतं.

"सुरतेत ते मोजत होते ना, फुई?"

ती दोरी गुंडाळत राहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "एकोणीसनी व्हतू. लगीनसाठे माले दखाले उनथात. पोरना मामानी खिसामाईन टेप काढी. भितडाशी उभी करी माले, सगळासमोर. मोजं. मंग सगळा हासनात." दोरीला शेवटचा वेढा देत ती पुढे म्हणाली, "पोहा खाधात, चहा पिधा, आनि गयात. मी परतून टेपले आंगले लागू दिधं नही."

मी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं, तिच्या मागे ठेवलं आणि वर चढलो. स्टूल डुगडुगलं.

"उंची मोजत नाहीये, फुई. फक्त पाठ."

मी तिच्या डाव्या, चांगल्या खांद्यावर तळहातानं दोनदा थोपटलं. "कशी शे फुई?"

तिचा खांदा हलला. हसली असावी. मग दारातून आत येताना वाकवते तशी तिनं मान वाकवली. "मोज मुकाट्यानं. आनि पडू नको."

मान वाकली की मानेच्या तळाशी एक हाड वर येतं. तिथून खाली, कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत. मी दोरीनं दोनदा मोजलं आणि दोरी फुटपट्टीला लावली. अठरा इंच.

तिथूनच, स्टुलावर उभा राहून, मी सुरतेला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"अढार?" दुकानदार म्हणाले. "तो बेनने मीडियम आवशे."

"काय आवशे?" फुई गर्रकन वळली.

"मीडियम, बेन. तमारी ऊंचाई बधी पगमां छे. पीठ मीडियम छे."

उंची सगळी पायांत, पाठ मध्यम. पुरुषांच्या चपला आणि सगळ्यात मोठा स्वेटर घेत आलेली फुई मोबाइलकडे बघत राहिली. "फिरी सांगा," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी न कंटाळता तिसऱ्यांदाही सांगितलं. फोन बंद झाल्यावर ती खुर्चीत बसली. "मंग दुनिया इतली ठेंगनी नही म्हना."

मीडियम सॅक आली. यावेळी आत मिरची नाही, तांदूळ. पट्टा कमरेवर असा बसला, की फुई गल्लीत नऊ फेऱ्या मारून आली आणि प्रत्येक दारात सांगून आली, "मन्ही पाठ मिडियम शे." धडगावच्या जीपस्टँडवर मी तिला सोडलं, तेव्हा कमलबाईंनी विचारलं, "विमलबाई, खांदा?"

"खांदाले माहीतच नही मी सॅक लिधी ते," फुई म्हणाली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली. ते पाय मागून पाहताना दुकानदारांचं म्हणणं पटलं.

परत आल्यावर भेटायला गेलो, तर ती ओसरीत पहिली मोठी सॅक उलटी करून आतली मिरची पुसत होती. एखाद्या उंच माणसाला देणार म्हणाली. पुसायला हातात निळं काहीतरी होतं. नीट पाहिलं, तर ते मापाचं ब्लाउज.

"फुई, आता शिंप्याला काय देशील?"

तिनं एक शिंक दिली, नाक पुसलं. "उद्या तुन्ही बायकोले धाड," ती म्हणाली. "टेप लईसन."