आजोबांचा कान बुडतो की तरंगतो?

चार वर्षांच्या मुलीला घरच्या घरी शिकवायला काय लागतं? एक बादली, एक लिंबू आणि माझ्यासारखा माणूस! हे मी सुनेला, ऋतुजाला, छाती पुढे काढून सांगितलं. सांगणं भागच होतं. ऋतुजाने अरेरा कॉलनीतलं एक पाळणाघर बघून ठेवलं होतं. माझ्या बायकोला, सरोजला, जाऊन वर्ष झालं. तिच्या खुर्चीवर आता इस्त्रीचे कपडे बसतात. त्यात नातही गेली, तर अवधपुरीच्या या घरात दिवसभर माझ्याशी बोलणार कोण?

"बाबा, शर्वरी दिवसभर कार्टून बघते," ऋतुजा म्हणाली.

"आजपासून विज्ञान!"

"बरं. पाळणाघराच्या मिश्रा मॅडम संध्याकाळी येतायत. त्यांना तुम्हीच सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

एवढंच? नुसतं 'नाही' म्हणायचं? नाही म्हणण्यात तर मी निवृत्तीनंतर पारंगत झालोय!

ती ऑफिसला गेली आणि आमची प्रयोगशाळा उघडली. खेळ सोपा. आधी सांगायचं, वस्तू बुडणार की तरंगणार. मग ती बादलीत सोडायची.

"लिंबू?"

"बुडणार!" शर्वरी म्हणाली. तरंगलं.

"लिंबू पागल आहे, आजोबा!"

चमचा बुडाला. नारळ मात्र तिने असा सोडला, की अर्धी बादली माझ्या अंगावर. म्हणून मी कानातलं यंत्र काढून ओट्यावर ठेवलं आणि बत्ता शोधायला वळलो. परत बघतो तर पोरगी उड्या मारतेय आणि तोंड काचेच्या पेटीतल्या माशासारखं उघडमीट! शेवटी तिने माझा हात धरून बादलीचा तळ दाखवला.

चमच्याशेजारी माझा कान शांतपणे पहुडला होता.

पुसला, झटकला, ऋतुजाच्या ड्रायरने शेकला. कानात घातला, तर एकदा बेडकासारखा बोलला आणि मग शोकसभेतल्यासारखा गप्प. सुनेला सांगावं? म्हणजे आजोबांच्या देखरेखीखाली काय काय बुडतं याचा पुरावा मीच द्यायचा! ठरवलं, एक संध्याकाळ निभावून न्यायची.

निभावण्याचा मला दांडगा अनुभव. इथल्या कारखान्यात मी आयुष्य काढलं, तेही अशा शॉपमध्ये, जिथे मशिनं चालू झाली की कुणाला कुणाचं ऐकू येत नसे. साहेब यायचे, ओठ हलवायचे, आम्ही हसून अंगठा दाखवायचो. त्यांनी काम सांगितलं की शिव्या घातल्या, अंगठा तोच! त्या अंगठ्यावर मला दोन बढत्या मिळाल्या.

संध्याकाळी मिश्रा मॅडम आल्या. चहा झाला. त्यांनी माझ्याकडे बघून ओठ हलवले. मी ठणकावून म्हणालो, "बच्ची यहाँ बहुत खुश है!" आणि पुढच्या सगळ्याला हसून अंगठा. त्या हात जोडून उठल्या. ऋतुजाचे डोळे भरून आले. ती चक्क माझ्या पाया पडली. हरल्यावरही इतका नम्रपणा! मी भरभरून आशीर्वाद दिला. त्या रात्री विजयी वीरासारखा घोरलो म्हणे. मला कुठून ऐकू येणार?

रविवारी यंत्र आपोआप बोलायला लागलं. त्यातून ऐकू आलेलं पहिलं वाक्य होतं, "आजोबा, माझी नवी बॅग!"

"कुठे निघालीस गं?"

मग शर्वरीने आईची ओढणी घेऊन त्या संध्याकाळचं नाटक मला करून दाखवलं. दोन्ही पात्रं तीच.

"दादाजी, ये आपको थका देती होगी?" अंगठा.

"हमारे यहाँ भेज दें? आप नाराज़ तो नहीं होंगे ना?" अंगठा.

"तो सोमवार से?"

"आणि तुम्ही ना आजोबा, असे दोन-दोन अंगठे दाखवले!"

एवढ्यात परीक्षित, माझा मुलगा, आत आला. "बाबा, मानलं तुम्हाला! ऋतुजा सगळ्यांना फोन करून सांगतेय, सासरा असावा तर असा."

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी 'नाही' म्हणायचं! पण पोरगी बॅग पाठीवर लावून खोलीभर मिरवत होती. मी अंगठा दाखवला. या वेळी सगळं ऐकून.

सोमवारी ती रिक्षात बसली आणि हात हलवायलाही विसरली.

यंत्र झकास चालतंय हो! दुपारी फ्रिज सुरू झाला की लगेच कळतं. बंद झाला की तेही कळतं.