नल्लकुंट्याच्या मैदानाची राखण आणि चिवड्याचा डबा

श्री. भागानगर प्रांती, नल्लकुंट्यातील मराठी मंडळाच्या अंगणी जो बास्केटबॉलचा संग्राम जाहला, त्याची साद्यंत हकीकत, मागाहून कोणी पदरची भर घालू नये म्हणोन, येथे लिहिली असे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघमासी. मंडळाचे सरचिटणीस हिम्मतराव यांचे मनी बहुत दिवस होते जे, मैदान मोडावे आणि तेथे दुचाक्यांचा तळ द्यावा. त्यांनी भरसभेत फर्माविले की, बायकांची फौज सिकंदराबादकरणींपुढे अकरा वर्षे मार खात आली, येत्या रविवारी हरली तर मैदान खालसा. हे ऐकोन फौजेच्या सरनौबत त्रिवेणीबाई फार कष्टी जाहल्या. गुडघ्याने दगा दिल्यापासोन त्या बाकावरूनच फौज चालवीत. परंतु घर, कचेरी आणि सासरची दुखणी यांतून आपले म्हणावे ऐसे ठिकाण त्यांस तेवढे एकच होते.

मग त्यांनी बचावाच्या दोन तजविजी योजिल्या. एक 'चौकी', म्हणजे पाचही जणींनी जाळीभोवती आपापला मुलूख राखावा; दुसरी 'एकास एक', म्हणजे जिने तिने आपली गनीम धरावी आणि ती पाणी प्यायला गेली तरी सोडू नये. हुकूम मराठीत ओरडावे, तेलुगू गनिमास काय कळणार, ऐसा बाईंचा इतबार होता आणि या अकलेवर त्या स्वतःच खूष होत्या.

रविवारी सकाळी लढाईस तोंड लागले. 'चौकी' म्हणावे तों गनीम लांबूनच चेंडू फेकी आणि तो जाळीत पडे. 'एकास एक' म्हणावे तों त्यांची सहा फुटी सरदारीण आत घुसे आणि आमच्या श्रुतीच्या डोईवरून चेंडू जाळीत टाकी. श्रुती ही पुण्याहून संगणकाच्या नोकरीस आलेली, उंचीने बेताची, हिमतीने खाशी. निम्मी लढाई सरली तों गनिमाचे एकोणतीस, आमचे चौदा, आणि बाई हवालदिल.

मैदानास बाक एकच. मधोमध मंडळाच्या वडीलधाऱ्या सावित्रीबाई, दोन्ही फौजांस पाणी पाजणाऱ्या, चिवड्याचा डबा घेऊन बसत, उजवीकडे आपली फौज, डावीकडे गनिमाची. त्यांनी पाणी देता देता सहज सांगितले की, गनिमाची उस्ताद राणीबाई ही काचीगुड्याच्या मराठी घरची लेक, तुमचा हरएक हुकूम ती तेलुगूत करोन सोडते, आणि पोर लाघवी, मेतकुटाची कृती विचारीत होती. हे आधी का न सांगितले ऐसा जाब पुसता त्या म्हणाल्या, "मला कोणी विचारलं? तुमचं हे खुळं हौलेपण चाललं होतं, म्हटलं चालू द्यावं."

मग बाईंनी नवा हुकूम काढिला. तोंडाने मनास येईल ते ओरडावे, ओरडणे कोणी ऐकू नये, पाहावे फक्त डब्याकडे. झाकण उघडे तर चौकी, मिटले तर एकास एक. बाईंनी कोपर मारावे आणि सावित्रीबाईंनी झाकण हलवावे. मग काय पुसता! राणीबाई चौकीवर इलाज सांगे तों प्रत्येकीच्या छातीशी आमची एकेक उभी, आणि हा घोळ निस्तरेपर्यंत आम्ही एकेचाळीस, गनीम चाळीस. उरले आठ सेकंद, चेंडू गनिमाचा.

बाईंनी कोपर मारोन झाकण मिटविले. ही मसलत साफ चुकीची होती, सहा फुटीपुढे श्रुती एकटी पडणार होती, हे लिहिणे प्राप्त आहे. इतक्यात राणीबाईने डब्याकडे हात पुढे केला आणि म्हणाली, "काकू, चिमूटभर द्या ना." काकूंनी झाकण उघडिले. त्रिवेणीबाई जिवाच्या आकांताने ओरडल्या, परंतु ओरडणे न ऐकण्याचा हुकूम त्यांचाच होता. फौजेने उघडा डबा पाहिला आणि चौकी धरली, सहा फुटी आत शिरली ती तिघींच्या कोंडाळ्यात सापडली, श्रुतीने खालून चेंडू हिसकाविला आणि शिटी जाहली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, मैदान कायम जाहले, आणि हिम्मतरावांनी ठरावाची घडी करोन खिशात घातली. त्रिवेणीबाई बाकावर बसोन रडल्या, आणि रडता रडता दोन मुठी चिवडा खाल्ला. शेवटचा हुकूम कोणाचा, हे दफ्तरी लिहू नये ऐसे त्यांनी निक्षून सांगितले. लिहिणाराने मान डोलाविली आणि लिहिले.